ऊनाची बॅग

इश्बेल बेकरीतून घरी आली तर पॅसेजमध्ये तिच्या मैत्रिणीची, ऊनाची, गोल्फची बॅग उभी. कोटांच्या खुंट्यांखाली, भिंतीला पाठ लावून, घरचीच असल्यासारखी. ऊनाकडे या घराची किल्ली होती, तेव्हा बॅग आत आली कशी हा प्रश्न नव्हता. बॅगेच्या पायाशी प्रवासाची काळी लांब खोळ बोळा करून टाकली होती. तेही ऊनाच्या रीतीला धरूनच. विमानानं कुठे खेळायला जायचं झालं की ऊनानं आपली बॅग अशी आणून आदळायची आणि इश्बेलनं ती स्वतःच्या बॅगेबरोबर नीट बांधून द्यायची, हे वीसेक वर्षं चाललेलं. फरक एवढाच की यंदा शेजारी इश्बेलची बॅग नव्हती. आणि दुसरा फरक नजरेला पडला तेव्हा हातातल्या कागदी पिशवीतले गरम पाव तिनं छातीशी इतके घट्ट धरले की ते चेपले. बॅगेतल्या सगळ्यात लांब स्टिकच्या डोक्यावर नवी टोपी होती. निळ्या चामड्याची, महागाची, आणि तिच्यावर चंदेरी दोऱ्यानं भरलेली दोन अक्षरं, एक ऊनाचं आणि एक तिच्या नव्या जोडीदारणीचं, कर्स्टीचं.

त्या डोक्यावर आजवर लाल लोकरीची टोपी असायची, वर पांढरा गोंडा. इश्बेलनं विणलेली. एक ऊनासाठी, तश्शीच एक स्वतःसाठी. क्लबातल्या बायका लांबून गोंडे दिसले की म्हणायच्या, आल्या बाई जुळ्या. इश्बेलला तेव्हा वरवर संकोच वाटायचा आणि आतून गुदगुल्या व्हायच्या. आता ती कोट न काढता बॅगेसमोर उभी राहिली आणि त्या चंदेरी अक्षरांवरून तिनं अंगठा फिरवला. दोरा चांगला होता, भरतकाम यंत्राचं होतं. यंत्राचं आहे, हे कळल्यावर तिला उगाच जरा बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचली का माझी म्हातारी?" ऊना विचारत होती. बॅगेला ती म्हातारी म्हणते.

"पोचली."

"मग बांधून ठेव ना गं. उद्या सकाळी विमानतळावर जाता जाता उचलते."

"कर्स्टीला नाही जमत?"

"तिला? ती बया अंडी पिशवीच्या तळाला ठेवते नि वर बटाटे! तू बांधलेली माझी बॅग आजवर एकदाही फुटली नाही. चाललंय ते बदलू कशाला?"

फोन ठेवून इश्बेल कोट काढून बसली. बॅग बांधणारी बदलायची नाही, जोडीदारीण तेवढी बदलायची. वा रे न्याय. हे वाक्य तिला फोनवरच सुचायला हवं होतं, पण तिला सगळी चांगली उत्तरं फोन ठेवल्यावर सुचतात. ती उठली, बॅग खांद्याला लावली, डाव्या मनगटात बारीक कळ आली तिकडे लक्ष दिलं नाही, आणि बॅग गॅरेजमध्ये नेऊन दिव्याखाली उभी केली.

हे मनगटच सगळ्याच्या मुळाशी होतं. गेल्या शरदात, खेळ संपवून क्लबच्या ओल्या पायऱ्या उतरताना इश्बेल घसरली आणि हाडाचे तुकडे झाले. आत धातूची पट्टी बसवली. हिवाळाभर ऊना रोज यायची, तिला टोमॅटोचं सूप पाजायची, तिचे केस धुवायची, धुताना कानात साबण घालायची. पोर्तुगालच्या सामन्याला अजून अवकाश होता. स्कॉटलंडच्या या फाइफ भागातल्या क्लबांतून जिंकलेली बायकांची एकच जोडी तिथे जाते, आणि ती जोडी व्हायचं हे त्या दोघींचं जुनं वेड होतं. तीनदा अगदी दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. मग जानेवारीत एका दुपारी, क्लबच्या खिडकीशी बसून स्कोनच्या छोट्या गोल पावावर लोणी लावता लावता ऊना म्हणाली, "यंदा मी कर्स्टीचं नाव दिलंय गं जोडीला. तुझं मनगट बरं होऊ दे, मग बघू." आणि लोणी स्कोनच्या कडेपर्यंत नीट पसरवत राहिली. इश्बेल म्हणाली, "हो, बरोबरच आहे." मार्चमध्ये मनगट बरं झालं. एप्रिलमध्ये ऊना आणि कर्स्टी जिंकल्या. त्या दिवशी टाळ्या वाजवताना इश्बेलचा तळहात दुखत होता, आणि मनगट दुखतंय असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

तिला मत्सर वाटत होता. याला दुसरं नाव नव्हतं. साठी उलटलेल्या, नातवंडं असलेल्या, चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या बाईच्या पोटात असं शाळकरी पोरीसारखं दुखावं याची तिला लाज वाटायची, आणि लाजेनं ते दुखणं थांबायचं मात्र नाही. कर्स्टी एडिंबराहून दोन वर्षांपूर्वी गावात राहायला आलेली. चाळिशीची, लांब पायांची, हसरी. वाईट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं, हाच तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण. सवत निदान भांडकुदळ असावी. ही इश्बेलला भेटली की मनगटाची चौकशी करायची आणि खरंच उत्तर ऐकत थांबायची.

इश्बेलनं बॅगेचे कप्पे उपसायला घेतले. हे पहिलं काम. ऊनाचे कप्पे म्हणजे समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेला ऐवज: अर्धवट खाल्लेली चिकट मिठाई, कुणाची तरी किल्ली, ओला हातमोजा, आणि वाळू. वाळू तर जिथे हात घालावा तिथे. इश्बेल ती फरशीवर झटकत गेली. मग चेंडूंचा कप्पा उघडला. चेंडूंवर खूण होती. पूर्वी हिरवा ठिपका असायचा, इश्बेलच्या मुलीच्या नखांच्या रंगाचा. आता निळी रेघ. बरं, निळी तर निळी. जोडीच्या खेळात चेंडू एकच असतो. एक फटका हिनं मारायचा, पुढचा तिनं, असं करत तो एकच चेंडू दोघींनी मिळून भोकापर्यंत न्यायचा. एकीनं काट्यांत घालवला तर दुसरीनं काढायचा, आणि काढताना तोंड वाकडं करायचं नाही. या खेळाचा एक नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण इथल्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतो: जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. इश्बेलला तो ठाऊक असूनही ऊनाबरोबरच्या पहिल्याच खेळात तिनं चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, सॉरी. तेव्हा ऊना, जी तेव्हा नुसती ओळखीची होती, कंबरेवर हात ठेवून वळली होती. "हे बघ बाई, सॉरी म्हणायचं असेल तर एकटी खेळ. तू सॉरी म्हटलंस की तुझा फटका वेगळा झाला नि माझा वेगळा. मग जोडी कसली?" आणि खड्ड्यात उतरून तिनं तो चेंडू असा उडवला की अर्धी वाळू इश्बेलच्या तोंडावर आली. इश्बेल वाळू थुंकत हसत सुटली. तिथून ती ऊनाची झाली, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे तो नियम खेळापुरता राहिलाच नाही. एकदा ऊनानं गाडी मागे घेताना यांचं फाटक पाडलं. सॉरी नाही की काही नाही, दुसऱ्या दिवशी सिमेंटचं पोतं घेऊन हजर, आणि वर इश्बेलच्या नवऱ्यालाच दम, "फर्गस, बघत काय बसलास, पाणी आण." इश्बेलची आई गेली तेव्हा गाव येऊन हळहळून गेलं. ऊना आली, तिनं भांडी घासली, उरलेला केक खाल्ला आणि सोफ्यावर घोरत पडली. सकाळी इश्बेलला त्या घोरण्यानं जाग आली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तिला भूक लागली. असं होतं ते सगळं. म्हणूनच या जानेवारीपासून आपल्याला ऊनाच्या तोंडून एक सॉरी ऐकायचीय, हे जेव्हा इश्बेलच्या लक्षात आलं तेव्हा ती स्वतःवरच चकित झाली. पण हवी होती. जेवताना हवी होती, अंघोळ करताना हवी होती. ऊना दारात यावी, तिनं खाली मान घालावी आणि म्हणावं, चुकलं माझं. मग काय उत्तर द्यायचं त्याचे इश्बेलनं मनात अनेक नमुने तयार केले होते, त्यातले काही फार उदार होते.

फर्गसच्या जुन्या फुटबॉलच्या मोज्यांची पेटी तिनं ओढली. प्रत्येक लोखंडी डोक्यावर एक मोजा चढवायचा, डोकी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये टॉवेल खुपसायचा, मग सगळ्या स्टिका मानेशी मऊ पट्टीनं बांधायच्या, फार आवळायचं नाही. हात आपले आपण काम करत होते. बुटांच्या कप्प्यात तिनं हात घातला आणि बूट बाहेर काढले. चिखलानं भरलेल्या तळव्यांना काहीतरी गुंडाळलेलं होतं, चिखल इकडेतिकडे लागू नये म्हणून. लाल होतं. तिनं ते सोडवलं. गोंडा काळा पडला होता, आणि लोकरीत गवताच्या काड्या अडकल्या होत्या.

इश्बेलनं ती टोपी हातात धरून ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कानशिलं तेवढी तापली. बूट पुसायला! फेकून दिली असती तरी चाललं असतं, हरवली असती तर शोधली असती. ऊना जीव लावलेली प्रत्येक वस्तू अशीच वापरून वापरून चिंध्या करते, हे तिला आठवलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, पण मत्सर एकदा अंगात शिरला की माणसाला सोयीचं काही आठवत नाही. तिला आठवलं ते दुसरंच. मागच्या महिन्यात, सातव्या भोकाजवळच्या दगडी भिंतीपलीकडून ती कुत्र्याला फिरवत चालली होती आणि भिंतीआडून आवाज आला, "सॉरी ऊना! अय्यो, सॉरी, सॉरी!" कर्स्टीचा. इश्बेल थांबली. आता बसणार हिला, असं मनात म्हणून अगदी कान टवकारून थांबली. आणि ऊना हसली. हसून म्हणाली, "अगं, त्यात काय!" इतक्या मऊ आवाजात की तो तिचाच का, अशी शंका यावी. तेव्हापासून ते "अगं, त्यात काय" इश्बेलच्या घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं होतं. आपल्या एका सॉरीला कंबरेवर हात, आणि हिच्या तीन सॉऱ्यांना हे लोणी.

वॉशिंग मशीनच्या मागे लाकडी दांडे उभे होते, दोन. झाडूचे. एका वर्षी फ्रान्सला गेल्या असताना इश्बेलची सगळ्यात लांब स्टिक विमानतळाच्या पट्ट्यावर मान मोडूनच आली. ऊना हळहळली नाही. तिनं आपली स्टिक इश्बेलच्या हातात दिली आणि स्वतः चारही दिवस आखूड स्टिकनं मारत राहिली, हरली, मजेत हरली. परत आल्यावर इश्बेलनं दोन्ही घरचे झाडू करवतीखाली घेतले. दांडा सगळ्यात लांब स्टिकपेक्षा बोटभर उंच कापायचा, खाली म्हाताऱ्यांच्या काठीचं रबर, वर चिरलेला टेनिसचा चेंडू, आणि तो बॅगेच्या मधोमध उभा करायचा. मग बॅग डोक्यावर पडो की तिच्यावर कुणी ट्रंका रचोत, मार दांडा खातो आणि स्टिका वाचतात. बिनदांड्याचे दोन झाडू फर्गसनं खिळ्याला टांगून ठेवले होते, लागतील कधीतरी म्हणून. फर्गस असं काहीही ठेवतो.

इश्बेलनं खोळ वर ओढली. चेन लावली, पट्टे आवळले. दांडा मशीनमागेच राहू दिला. ऊनाची लांब स्टिक जुनी होती, डोकं काढून वेगळं ठेवता येण्याजोगी नव्हती, आणि तशी स्टिक आता मिळतही नाही. फुटू दे. पोर्तुगालच्या उन्हात चेन उघडेल आणि निळ्या चामड्याच्या टोपीत तुटलेलं मुंडकं हातात येईल. मग कर्स्टी म्हणेल, सॉरी. ती नाहीतरी कशालाही म्हणतेच.

"चहा टाकलाय," म्हणत फर्गस गॅरेजच्या दारात आला. त्यानं बॅगेकडे पाहिलं, मग मशीनमागे पाहिलं. "दोन्ही दांडे इथंच?"

"हो."

"बरं." तो वळला, आणि वळता वळता म्हणाला, "तू अजून त्या सॉरीसाठी अडून बसलीयस का गं? ऊना तुला कशी म्हणेल? तुम्हा दोघींत तो शब्दच नाही. मला म्हणेल एक वेळ, माझ्याशी तिचं काय आहे?"

तो गेला, आणि इश्बेल उभी होती तिथेच खाली बसली, मोज्यांच्या पेटीवर. एवढी साधी गोष्ट. इतके महिने ती उलट्या बाजूनं वाचत होती. कर्स्टी सॉरी म्हणते आणि ऊना चालवून घेते, कारण कर्स्टी पाहुणी आहे. पाहुण्याला आपण कपबशी फोडली तरी असू दे म्हणतो. त्यांचे फटके वेगवेगळेच आहेत, तुझा तुला, माझा मला. दोघी मिळून जिंकल्या असतील, जोडी नाही झाली. आणि ऊनानं जानेवारीपासून आपल्याला सॉरी म्हटलेलं नाही. एकदाही नाही! लोणी लावताना तिची सुरी नको इतकी काळजीनं चालली होती, म्हणजे शब्द तोंडाशी आला होता आणि तिनं तो गिळला. इश्बेलसाठी गिळला. इश्बेलला एकदम इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली, आणि हसताना आपण काय करायला निघालो होतो ते आठवून तिच्या अंगावर काटा आला.

मग तिनं काय केलं? टोपी कोमट पाण्यात धुतली, गवताच्या काड्या एक एक करून वेचल्या, रेडिएटरवर वाळत टाकली. चहा गार होऊ दिला. संध्याकाळी टोपी वाळल्यावर खोळ पुन्हा उघडली, ऊनाचा दांडा मधोमध उभा केला, हलवून पाहिला, आणि वरच्या टेनिसच्या चेंडूवर ती लाल टोपी चढवली. निळीला हात लावला नाही. निळी खाली राहिली, लाल बोटभर वर. चेन लावताना ती गुणगुणत होती, आणि फर्गस आतून ओरडला, "झालं का बरं पोटातलं?"

सकाळी समुद्रावरून धुकं आलं होतं, रस्त्याच्या दिव्यांपर्यंत. गाडी आली. कर्स्टी काच खाली करून म्हणाली, "सॉरी हं इश्बेल, तुमच्या फाटकापुढेच लावली." इश्बेल मनापासून हसून म्हणाली, "अगं, त्यात काय!" तिला ते म्हणताना मौज वाटली. एखाद्या श्रीमंतानं चिल्लर वाटावी तशी.

ऊना पॅसेजमध्ये आली, तिचे पांढरे केस धुक्यानं चिकटलेले. "दे माझी म्हातारी." आणि नेहमीसारखी तिनं खोळीच्या माथ्यावर थाप मारली, चेंडू आहे ना ते बघायला. थाप मऊ लागली. तिनं कपाळाला आठी घातली, वरची चेन हातभर उघडली आणि आत पाहिलं. धुतलेला पांढरा गोंडा वर आला.

इश्बेल भिंतीला टेकून वाट बघत होती, एखाद्या शिवीची, एखाद्या धपाट्याची. ही वाट बघणंसुद्धा गोड होतं.

"इश्बेल," ऊना गोंड्याकडेच बघत म्हणाली. "हे यंदापुरतं नाहीये गं. पुढच्या हंगामालाही मी कर्स्टीलाच हो म्हटलंय. मागच्याच आठवड्यात. तुला सांगायला धीर होत नव्हता." मग तिनं मान वर केली. तिचे डोळे लाल होते. "सॉरी, इश्बेल."

बाहेर कर्स्टीनं गाडीतला हीटर वाढवल्याचा आवाज आला. ऊना थांबली होती, हात चेनवर तसाच, जरा पुढे झुकून, जणू आता कंबरेवर हात ठेवून कुणीतरी आपल्यावर ओरडेल, आणि ओरडलं तर अजून काही होऊ शकेल. इश्बेलला ते दिसलं. ओरडायला तोंड उघडावं एवढा वेळही होता. पण ज्या शब्दासाठी तिनं एवढे महिने काढले तो आता दोघींच्या मध्ये पडला होता आणि त्याच्या एका बाजूला ऊना होती, एका बाजूला ती.

"अगं," ती म्हणाली, "त्यात काय."

तिचा आवाज अगदी मऊ आला. ऊनानं मान हलवली, चेन लावली, आणि बॅग उचलून बाहेर गेली. दोघींनी मिळून ती गाडीत आडवी ठेवली, कर्स्टी म्हणाली सॉरी, तुमचं बोट चेंगरलं का, आणि गाडी धुक्यात गेली. तिचे मागचे दिवे थोडा वेळ दिसत होते.

फर्गस स्वयंपाकघरातून आला, हातात टोस्ट. "काय म्हणाली?"

"सॉरी म्हणाली."

"ऊना?" त्याचा घास तोंडातच राहिला. मग इश्बेलचा चेहरा बघून तो टोस्ट घेऊन आत वळला. हा माणूस सगळं साठवून ठेवतो, पण कधी गप्प बसायचं ते त्याला कळतं.

इश्बेल गॅरेजमध्ये गेली. मशीनमागचा उरलेला, स्वतःचा दांडा तिनं बाहेर काढला, वरचा टेनिसचा चेंडू उपटला, खालचं रबर उपटलं. खिळ्यावरचा एक झाडू उतरवला आणि दांडा त्याच्या भोकात घालून फरशीवर दोनदा आपटला. बसला. दांडा कापलेला, त्यामुळे जरा वाकावं लागत होतं, आणि डावं मनगट कुरकुरत होतं. ऊनाच्या कप्प्यांतली वाळू गॅरेजभर पसरली होती, पॅसेजमध्येही, कोटांच्या खुंट्यांखालीही. ती दाराकडून सुरुवात करून सगळी झाडायला लागली.